शंभर ग्रॅम, पाच सहस्रांश आणि बंद पडलेला एसी

२०२४ च्या १५ ऑगस्टच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली तेव्हा लांबी-मापनाच्या खोलीत २६.४ अंश तापमान होतं. सुट्टीच्या दिवशी कधीतरी वीज गेली, आली, पण एसीचा कॉम्प्रेसर काही पुन्हा उठला नाही. इतर ऑफिसात अशा वेळी पंखे लावून काम सुरू होतं. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची साधनं तपासून जुळवण्याच्या धंद्यात दिवसच जातो. लांबीची सगळी मापं २० अंश सेल्सिअसला सांगायची असतात. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, म्हणजे १०० मि.मी.चा स्लिप गेज, लांबीचं प्रमाण म्हणून वापरायचा पोलादी ठोकळा, सहा अंशांत सात मायक्रॉन लांब होतो. आणि ग्रेड शून्यच्या त्या गेजला मुभा असते ०.३ मायक्रॉनची. मेकॅनिकने दुपारपर्यंत एसी चालू केला तरी उपयोग नव्हता. हवा तासाभरात गार होते, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आतून गार व्हायला रात्र घेते.

वजन विभागाचीही तीच गत. त्यामुळे एरवी आपापल्या खोल्यांत दार लावून बसणारी सगळी मंडळी जेवणाच्या टेबलाभोवती जमली. पॅरिस ऑलिंपिक ११ ऑगस्टला संपलेलं, विनेश फोगाटच्या अपिलाचा निकाल १४ तारखेला रात्री आलेला, त्याआधी २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० क्रिकेटचा विश्वचषक जिंकलेला. उन्हाळ्याच्या खेळांवर बोलणं निघायला निमित्त लागलंच नाही. आवडता क्षण कोणता, असं कोणीतरी विचारलं आणि मग दिवसभर तेच चाललं. फरक इतकाच, की या टेबलावर कोण जिंकलं यापेक्षा ते कशाने मोजलं यावर जास्त वेळ गेला.

वजन विभागाच्या ताईंनी सुरुवात केली. ‘आवडता’ म्हणता येणार नाही, पण विसरता येत नाही, असं सांगून त्यांनी ७ ऑगस्टची सकाळ घेतली. आदल्या दिवशी विनेशने कुस्तीच्या ५० किलो गटात तीन लढती जिंकल्या होत्या, पहिलीच तोवर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अपराजित असलेल्या जपानच्या युई सुसाकीविरुद्ध. अंतिम फेरीच्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. तेव्हाचा नियम असा की दोन दिवस चालणाऱ्या गटात दोन्ही सकाळी वजन द्यायचं; पहिल्या दिवशी त्यासाठी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. त्या वेळात काट्यावर हवं तितक्या वेळा चढता येतं. अंगावरच्या सिंगलेटची सूट नाही. दुसऱ्या वजनात नापास झालं तर आदल्या दिवशीचे विजयही जातात आणि नाव यादीत सगळ्यात खाली. काही स्पर्धांत दोन किलोंची सवलत असते, ऑलिंपिकमध्ये नाही.

“शंभर ग्रॅम म्हणजे पन्नास किलोचा ०.२ टक्का,” ताई म्हणाल्या. “आता आपल्याकडे येणारा दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा घ्या. ५० ग्रॅमचा भाग असलेला, म्हणजे ५०-५० ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवणारा, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाचा.”

तिथून हिशेब सुरू झाला. अशा काट्यावर ५० किलो म्हणजे हजार भाग. पाचशे ते दोन हजार भागांमध्ये पडताळणीच्या वेळी एका भागाची चूक चालते, म्हणजे अधिक-उणे ५० ग्रॅम. वापरात असताना तपासणी झाली तर मुभा दुप्पट: १०० ग्रॅम. बाजारातला शिक्का मारलेला, कायद्याने निर्दोष काटा नेमका तेवढा चुकू शकतो, जेवढ्यावर पदक गेलं. ऑलिंपिकला असा काटा कोणी ठेवत नाही, तिथे त्याहून बारीक भागाचा आणि जागेवर तपासलेला असतो. तरी आकडा ऐकून हिशेब विभागातल्या मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

ताईंचं पुढचं जास्त रंजक होतं. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, लोडसेलवर, म्हणजे आतल्या भार जाणणाऱ्या सेन्सरवर पडणारा दाब मोजतो, आणि दाब गुरुत्वावर अवलंबून. पॅरिसमध्ये गुरुत्व त्वरण ९.८०९ च्या आसपास, पुण्यात ९.७८४. फरक पाव टक्क्याहून किंचित जास्त. पुण्यात कॅलिब्रेट केलेला काटा तसाच उचलून पॅरिसला नेला आणि तिथे प्रमाणित वजनांनी पुन्हा जुळवला नाही, तर ५० किलोच्या माणसाला तो सव्वाशे ग्रॅमहून जास्त फुगवून दाखवेल. जुन्या पारड्यांच्या तराजूला ही अडचण नाही. दोन्ही पारड्यांवर गुरुत्व सारखंच. आता यावरून कोणी तर्क लढवू नये. पॅरिसचा काटा पॅरिसमध्येच जुळवलेला असणार आणि सगळ्या मल्लांसाठी तोच होता. पण कुस्तीगीर घरच्या काट्यावर वजन उतरवून परदेशी जातो तेव्हा तिथल्या काट्यावर आधी एकदा उभं राहून बघणं किती गरजेचं, ते यावरून कळतं.

“आणि हवा?” वेळ मोजणाऱ्या टाइम-फ्रिक्वेन्सी विभागातल्या पोराने खोड काढली. हवाही आहे. पन्नास लिटर आकारमानाचं शरीर सुमारे ६० ग्रॅम हवा बाजूला सारतं आणि तेवढं उचललं जातं. काटा जुळवायला वापरलेली पोलादी वजनं आकाराने लहान, त्यांना हवा जेमतेम सात-आठ ग्रॅम उचलते. म्हणजे काट्यावर प्रत्येक मल्ल खऱ्यापेक्षा पन्नासेक ग्रॅम हलकाच दिसतो. सगळेच तसे दिसतात म्हणून त्याची कोणी दाद मागत नाही.

या विषयाला दुसरी बाजू अमन सेहरावतची. ५७ किलो गटाच्या उपांत्य लढतीनंतर त्याचं वजन ६१.५ किलो होतं, सकाळपर्यंत ते ५६.९ वर आणलं, आणि ९ ऑगस्टला तो कांस्य घेऊन आला. दहा तासांत ४.६ किलो. विनेशच्या बाबतीत उपांत्य फेरीनंतर २.७ किलो उतरवायचे होते. केस कापले, कपडे आखूड केले, तरी शेवटचे शंभर ग्रॅम राहिले. ताईंचं म्हणणं, आकड्यांची तुलना इथे फसवी आहे. जे शरीर मुळातच गटाच्या मर्यादेपेक्षा बरंच वर राहतं आणि पहिल्या सकाळीच कोरडं होऊन आलेलं असतं, त्यातून दुसऱ्या रात्री घामही निघत नाही. लढतींच्या मध्ये थोडं खाणं-पाणी द्यावंच लागतं आणि तेच किलोंच्या हिशेबात परत येतं.

मग टाइमवाल्या पोराची पाळी. त्याला ४ ऑगस्टची शंभर मीटरची अंतिम शर्यत सांगायची होती. नोआ लाइल्स ९.७९, किशेन थॉम्पसन ९.७९, सहस्रांशात ९.७८४ आणि ९.७८९. आठवा आलेलासुद्धा ९.९१. त्याने टेबलावर कागद ओढून फोटो-फिनिश कॅमेरा कसा काम करतो ते काढून दाखवलं, कारण तो फोटो पेपरात बघून बहुतेकांचा गैरसमज होतो.

तो कॅमेरा पूर्ण दृश्य टिपतच नाही. अंतिम रेषेवरची केसाएवढी उभी फट तेवढी बघतो आणि सेकंदाला हजारो वेळा तीच फट टिपून त्या पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवतो. पॅरिसमधला कॅमेरा सेकंदाला ४०,००० पट्ट्यांपर्यंत जाणारा होता. त्यामुळे चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असतो. मागची पार्श्वभूमी सगळीकडे सारखी दिसते, रेषेवर टेकलेलं पाऊल लांबच लांब ताणलेलं दिसतं. पंच त्यावर उभी रेघ सरकवून धडाच्या पुढच्या कडेला लावतात. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. थॉम्पसनचं पाऊल आधी पोचलं होतं, धड लाइल्सचं. त्या वेगाला पाच सहस्रांश म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर.

“९.७८४ चे ९.७८ का नाही केले?” हिशेबवाल्या मॅडमनी विचारलं. बरोबर प्रश्न होता; त्यांच्या खात्यात तसंच करतात. ॲथलेटिक्समध्ये वेळ नेहमी वरच्या शतांशाला नेतात. ९.७८१ असते तरी ९.७९ झाले असते. फेकीचं आणि उडीचं अंतर मात्र खालच्या सेंटिमीटरला आणतात. दोन्हीकडे तोटा खेळाडूचाच, म्हणजे विक्रम कधीही फुगलेला नसतो.

सुरुवातीबद्दल त्याने जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. पिस्तुलाचा आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. लेन १.२२ मीटर रुंद. पहिल्या आणि आठव्या लेनमधलं अंतर साडेआठ मीटर. स्टार्टर एका टोकाला उभा राहिला तर दुसऱ्या टोकाच्या धावपटूला आवाज पंचवीस सहस्रांश उशिरा ऐकू येईल, सुवर्ण आणि रौप्यातल्या फरकाच्या पाचपट. म्हणून प्रत्येक स्टार्टिंग ब्लॉकमागे वेगळा स्पीकर असतो आणि आवाज तारेतून सगळ्यांकडे एकदम पोचतो. ब्लॉकमधले सेन्सर पायाचा दाब मोजतात, ०.१०० सेकंदाच्या आत दाब आला तर चुकीची सुरुवात. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत स्टॉपवॉचवाले आवाजावर बटण दाबतात ते चूक आहे. शंभर मीटरवर तो आवाज पोचायलाच ०.२९ सेकंद जातात. धूर किंवा उजेड दिसताच दाबायचं, आणि तरीही हाताने घेतलेली वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंद कमीच भरते, कारण सुरुवातीला बोट उशिरा हलतं आणि शेवटी माणूस आधीच अंदाज बांधून दाबतो.

हे सगळं ऐकून लांबीवाले काका म्हणाले, “मग पोहण्यात सहस्रांश का नाही रे?” विचारताना चेहऱ्यावर उत्तर माहीत असल्याचं हसू होतं.

२८ जुलैला शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये इटलीचा निकोलो मार्टिनेंगी ५९.०३ मध्ये पहिला आला. ब्रिटनचा ॲडम पीटी आणि अमेरिकेचा निक फिंक, दोघेही ५९.०५. दोघांना रौप्य, कांस्य कोणालाच नाही. काकांचा आवडता क्षण हाच. कारण असं: १९७२ च्या म्युनिकमध्ये चारशे मीटर मिडलेत (चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत) स्वीडनच्या गुन्नार लार्सनने टिम मकीला दोन सहस्रांशांनी हरवलं, ४:३१.९८१ विरुद्ध ४:३१.९८३. त्यानंतर नियम बदलून पोहण्यात शतांशावरच थांबायचं ठरलं. पन्नास मीटरच्या तलावाला प्रत्येक लेनमध्ये दहा मि.मी. जास्तीची मुभा असते, कमीची अजिबात नाही. भिंतीवर टच पॅड चढतो, तोही साधारण एक सेंटिमीटर जाड. ब्रेस्टस्ट्रोकवाला सेकंदाला सरासरी १.७ मीटर जातो, म्हणजे एका सहस्रांशात १.७ मि.मी. शेजारच्या दोन लेन बांधकामातच दहा मि.मी.ने लहानमोठ्या असू शकतात, तर सहा सहस्रांश तिथेच संपले. मग दोन सहस्रांशांनी कोण पुढे होता हे घड्याळ सांगेल, पण तो जास्त वेगाने पोहला की त्याचा तलाव आखूड होता, हे सांगता येणार नाही. धावण्याच्या अंतिम रेषेला ही भानगड नाही. सगळ्यांना तीच एक रेषा, तोच एक कॅमेरा.

काकांनी यावर टेबल आपटलं नाही इतकंच. त्यांच्या मते त्या उन्हाळ्यातला हा सगळ्यात प्रामाणिक निकाल होता, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. दहा वर्षं अनिश्चिततेचे तक्ते भरणाऱ्या माणसाला, मापातला फरक मापाच्या शंकेपेक्षा लहान असेल तर ‘सारखे’ म्हणायचं, हे कोणी जगासमोर करून दाखवलं याचं फार बरं वाटतं.

भालाफेकीवर काका थोडक्यात बोलले. ८ ऑगस्टला नीरज चोप्राचा ८९.४५, अर्शद नदीमचा ९२.९७, त्याने २००८ पासूनचा ९०.५७ चा ऑलिंपिक विक्रम मोडला. नीरजच्या सहापैकी पाच फेका फाउल. मोजायचं ते भाल्याच्या टोकाने जमिनीवर केलेल्या पहिल्या खुणेपासून, फेकीच्या कमानीच्या आतल्या कडेपर्यंत, आणि रेघ कमानीच्या केंद्रातून गेली पाहिजे. कमानीची त्रिज्या ८ मीटर, म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्राने केंद्रापासून मोजलं तर ८ मीटर वजा करायचे. खुणेवर प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) सरळ उभा नसेल तर तिथेच सेंटिमीटर जातात. तालुका पातळीवर टेपने मोजतात तेव्हा चूक बहुतेकदा टेपची नसते. टेप केंद्रातून न नेता फेकणारा उभा होता तिथे नेतात, किंवा पन्नास मीटरवर टेपला पोट पडतं. दोन्हींत आकडा जास्त येतो. कापडी टेप तर ओढाल तसा ताणतो, तो अंतर कमी दाखवतो.

क्रिकेटवर मतभेद झालेच. मिलरचा सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला झेल, शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू, सहा चेंडूंत सोळा धावा हव्या असताना. टेबलावरच्या निम्म्यांचा तोच आवडता क्षण. दोरी किती सरकली होती यावर काका सुरू होणार होते, त्यांना थांबवण्यात आलं. अविनाश साबळेची आठवण बीडच्या ड्रायव्हर मामांनी काढली. तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष, अकरावा, ८:१४.१८. त्या शर्यतीतले अडथळे ९१.४ सें.मी. उंच, तीन मि.मी. कमीजास्त चालतं, वजन ८० ते १०० किलो. हर्डल्समधल्यासारखे ते पाय लागून पडत नाहीत. पाय अडकला की माणूस पडतो. इथिओपियाचा लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत तसाच पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

आवक-जावक टेबलावरचा आमचा कोल्हापूरकर इतका वेळ गप्प होता. त्याने फक्त “कांबळवाडी” एवढंच म्हटलं. राधानगरी तालुक्यातलं गाव, स्वप्नील कुसाळेचं. तेव्हा पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या नेमबाजाने १ ऑगस्टला शातोरूच्या रेंजवर पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पात्रता फेरीत ५९०, सातवा. अंतिम फेरीत सगळे पुन्हा शून्यापासून. गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्या १५३.३, झोपून पंधरा १५६.८, तिथवर पाचवा. मग उभ्याने, जिथे दहा गोळ्यांनंतर दोघे बाहेर आणि पुढे प्रत्येक गोळीला एक जण. चव्वेचाळिसाव्या गोळीवर तो ४५१.४ वर थांबला, तिसरा.

त्या दशांशांचं गणित काकांनी मांडलं. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचं, गोळी ५.६ मि.मी.ची. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो, म्हणून गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मि.मी.च्या आत असेल तर दहा. त्या आठ मिलिमीटरचे दहा भाग: दर ०.८ मि.मी.ला एक दशांश, सगळ्यात आत १०.९. कागदी लक्ष्यावर डोळ्याने हे वाचणं अशक्य. आवाजावर चालणाऱ्या लक्ष्यात कोपऱ्यांतले मायक्रोफोन गोळीचा आवाज कुठे आधी आला त्यावरून जागा काढतात. आवाजाचा वेग अंशामागे ०.६ मीटर प्रतिसेकंद बदलतो, म्हणून लक्ष्याच्या आत तापमापक हवाच. तो बिघडला तर गंमत अशी, की मध्यावरची गोळी बरोबरच दिसते आणि कडेच्या चुकतात. म्हणून तपासणी मध्यावर करून भागत नाही. नव्या लक्ष्यांत आवाजाऐवजी प्रकाशाचे पडदे असतात.

कोल्हापूरकराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आमच्या तालमीतला काटा आणला तर बघाल का? गणपतीनंतर स्पर्धा हायत.”

ताईंनी आणू नको म्हणून सांगितलं. काटा हलवला की तपासणी वाया. जिथे वजन घेणार तिथेच बघायचा. फरशी सपाट आणि टणक हवी, मॅटवर किंवा सतरंजीवर अजिबात नाही. बुडबुडा मध्यावर आणायचा, केबल प्लॅटफॉर्मखाली दबलेली नाही ना, कडेला तांबडी माती साचलेली नाही ना, ते हाताने चाचपून बघायचं; तालमीत बहुतेक काटे मातीनेच अडतात. अर्धा तास चालू ठेवायचा. मोठं वजन तीनदा चढवून उतरवायचं, मग शून्य. त्यानंतर ५० किलो, दोन २० ची आणि एक १० चं एम-१ वर्गाचं (प्रमाणित वजनांचा एक अचूकता-वर्ग) वजन. तिघांची मिळून चूक अडीच ग्रॅमच्या आत असते. ते आधी मध्यावर, मग चारही कोपऱ्यांच्या बाजूला. कोपऱ्याला आकडा बदलला तर लोडसेल किंवा पाय गेलाय, आणि मल्लाने मध्यावर उभं राहणं सक्तीचं करायचं. शेवटी त्या दिवशीच्या प्रत्येक गटाच्या आकड्यावर तपासायचं. ५० ग्रॅमचा भाग असेल तर ५०.०० हा आकडा दोन्हीकडे २५ ग्रॅम लपवतो, म्हणून पाच-पाच ग्रॅमची छोटी वजनं टाकत आकडा नेमका कुठे उलटतो ते पकडायचं. २५ ग्रॅमला उलटला तर काटा बिनचूक, पाचलाच उलटला तर तो वीस ग्रॅम जास्त दाखवतोय.

“आणि इथे जुळवून तिकडे नेला तर?” त्याने विचारलं.

“पुणे ते कोल्हापूर गुरुत्वाने पाचेक ग्रॅमचा फरक पडेल. टेम्पोतून नेताना त्याच्या दहापट पडेल,” ताई म्हणाल्या आणि १० किलोच्या वजनांची पेटी कोणत्या तारखेला मोकळी आहे ते बघायला रजिस्टर उघडलं.